कुशाबा उभा राहिला त्याची गोष्ट

मी खुर्ची बोलतेय. न्हाव्याची, मान टेकायला मागे उशी असलेली. आमच्या चाळीत नवा नळ कसा आला ते सांगते. नळ आला, हे आधीच फोडलं. पण त्याची किंमत कोणी मोजली, ते ओळखा. नाही ओळखणार. लावा पैज.

सुताराकडचं लाकूड संपत आलं तेव्हा मी जन्मले, म्हणून माझा एक पाय आखूड. कुशाबा न्हाव्यानं मला घेतलं. करी रोडला चाळीच्या तोंडाशी त्याचं पत्र्याचं दुकान. पाळी सुटली की गिरणीतली माणसं माझ्यावर बसायची, हनुवटी वर करायची आणि चाळीच्या नळाला शिव्या घालायची. नळाची धार करंगळीएवढी, शिव्या मनगटाएवढ्या. कुशाबा नुसता हूं हूं करायचा.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. जिकडं तिकडं सभा. चाळीत खुर्ची म्हणजे मी एकटीच, त्यामुळे अध्यक्ष माझ्यावर. अध्यक्ष कोण, तर शामराव जॉबर, गिरणीतला मुकादम. बसला की सवयीनं त्याची हनुवटी वर. लोकांना वाटायचं, काय रुबाब! बसल्या बसल्या त्यानं भाषण लांबवलं की मी आखूड पायावर डुलायची. तेवढीच माझी करमणूक.

एका सभेत 'मुंबई आमची' म्हणून सगळे असे ओरडले की पत्रे हलले. आवाज खाली बसला तशी मालवणची कांता उठली. काखेत रिकामा हंडा.

"मुंबई गावली तर तिच्यात एक नळ आसतलो मा?"

लोक हसले. शामराव म्हणाला, आधी राज्य, मग नळ. कांता म्हणाली, मग राज्य येईस्तोवर शामरावानं आंघोळ करू नये. मग मात्र ठरलं, वॉर्ड ऑफिसात कोणीतरी जायचं. कोण? मुंबई मागायला सगळे पुढं, नळ मागायची वेळ आली तर जो तो आपली चप्पल शोधायला लागला.

कुशाबा सवयीनं माझ्यामागं उभा होता.

"ह्यो कुशाबा उभो आसा," कांता म्हणाली. "ह्योच जातलो."

"अगं बाई, शामराव माझ्या खुर्चीत बसल्यात, म्हणून उभा हाय मी."

पण टाळ्या पडून गेल्या होत्या. माणसं इलेक्शनला उभी राहतात. आमचा कुशाबा बसायला जागा नव्हती म्हणून उभा राहिला.

राहिला तो राहिलाच. दुकान बंद ठेवून ऑफिसात जायचा. साहेब नसला की बाकावर बसायचा, असला की तेच ते परत बोलायचा. मागं कांता आणि चाळीतल्या बायका, रिकामे हंडे घेऊन. शेवटी साहेब चाळीत आला. जमिनीवर बूट आपटून म्हणाला, मोठा पाइप इथूनच गेलाय. नळ बसला तर इथंच, नाहीतर नाही.

इथं म्हणजे कुशाबाच्या दुकानात.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच उत्तर देणार. कांतानं हंडा खाली ठेवला. "ऱ्हवांदे कुशाबा. पोटाचो धंदो तुझो."

कुशाबानं साहेबाला विचारलं, "धार जोरात येईल ना?"

येईल, साहेब म्हणाला.

"मग उतरवा पत्रा."

धार जोरात येते. कुशाबा आता पिंपळाखाली गोणपाट टाकून गिऱ्हाईक उकिडवं बसवतो. खुर्ची नाही, म्हणून लोक दाढीचे अर्धेच पैसे देतात. मी आता चाळीच्या कमिटीची, सभेला खुर्ची लागते म्हणून. शामरावाच्या गॅलरीत असते. तो कुशाबाला वर बोलावतो, माझ्यावर बसून दाढी करून घेतो, आणि खुर्ची कमिटीची म्हणून अर्धेच पैसे देतो.