निर्वात

यांच्या सदऱ्याला गंधकाचा वास यायचा. किती घासला तरी जायचा नाही. नाशिकच्या थंडीत तो दोरीवर वाळत असला की बाहीवरच्या ॲसिडच्या बारीक भोकांतून ऊन खाली सांडायचं आणि फरशीवर चांदण्या पडायच्या.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेची भांडी धुवायचे. धुतलेलं प्रत्येक भांडं उजेडात धरून असं निरखायचे, जणू आत कुणी राहून गेलंय.

ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं विज्ञानकथांचं एक पुस्तक यांनी घरी आणलं. मी भाकरी थापायची, हे वाचायचे. वाचताना भाषा शुद्ध, बोलताना मात्र गावाकडची, सायखेड्याची. एका संध्याकाळी म्हणाले, "आज तू वाच." मी चौथी शिकलेली. बोट ठेवून अडखळत वाचलं, "निर्वाण पोकळीत आवाज पोहोचत नाही."

विहारात रोजचा कानावरचा शब्द, तोच जिभेवर आला. हे पोट धरून हसले.

"आगं, निर्वाण नाय, निर्वात! निर्वाणात माणूस जातो, निर्वातात निस्ती हवा जाते."

"दोन्हीकडून आवाज येत नाही ना? मग झालं तर!"

पुढच्या रविवारी यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या हंडीखाली घंटी वाजत होती. हे पंपाने हवा काढत गेले, तसतसा तिचा आवाज झिजत गेला. शेवटी आत फक्त हातोडी हलत राहिली.

दोन वर्षांनी यांच्या घशात गाठ निघाली. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे पाहून ओठ हलायचे, आणि मी जणू त्या हंडीच्या काचेबाहेर उभी.

आता ते पुस्तक मीच वाचते. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, आणि राग येतो तोही तिचाच. तिच्यातला शास्त्रज्ञ हवेत विरलेले आवाज यंत्रात गोळा करतो आणि गेलेल्या बायकोला बोलतं करतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पान उलटवलं नाही. पण ती बायको विचारलं तेवढंच बोलते. त्याला टोकत नाही, हसत नाही. लिहिणाऱ्याला तारे ठाऊक आहेत, संसार ठाऊक नाही, असं मनात येतं, आणि लगेच अपराध्यासारखं होतं. यांचा आवाज माझ्या चुलीपाशी आणला तो याच पुस्तकाने. आणि तोच आवाज आता मला नीट आठवेनासा झालाय. शब्द आठवतात, स्वर निसटतो.

काल संध्याकाळी घरात एकटी होते. ते पान काढलं आणि मोठ्याने, मुद्दाम चुकवून वाचलं, "निर्वाण पोकळीत आवाज पोहोचत नाही."

थांबले. गंगेवरून, आमच्या गोदावरीवरून, गार वारा येत होता. बाहेर भाजीवाला मेथी मेथी ओरडत होता. घरभर हवा होती. तरी कुणी हसलं नाही.

काळ माणसाचा फोटो भिंतीवर राहू देतो, सदरा पेटीत राहू देतो. आवाज तेवढा घेऊन जातो, आणि आपली चूक आपल्यापाशी तशीच ठेवतो, न सुधारलेली.