अठरा किलोंचे बाळ

मी एक जुना क्लास आहे, मित्रांनो. शिकवणीचा क्लास नव्हे. एका दवाखान्याच्या अ‍ॅपमधला, कोटलिन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, प्रोग्रॅमचा पंचवीस-तीस ओळींचा तुकडा. माझे नाव डोस. बाळांच्या वॉर्डात कोणाला किती औषध द्यायचे, याचे गणित मी करतो.

मला एका प्रोग्रॅमर बाईंनी लिहिले. ‘रुग्ण’ नावाच्या मोठ्या क्लासच्या पोटात त्यांनी मला ठेवले. बाळाचे वय, आजार, वजन, सगळे त्या रुग्णापाशी असे. त्याच्या पोटातच राहतो म्हटल्यावर मला ते आपोआप दिसेल, असे बाईंना वाटले. पण कोटलिनमध्ये नुसत्या आत ठेवलेल्या क्लासला बाहेरच्याजवळचे काही दिसत नाही. मी वजन मागितले आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल रेघ उमटली. बाईंना काम उरकायचे होते. त्यांनी मलाच वजनाचा एक रकाना दिला. बाळ दाखल झाले की रुग्णाचे वजन त्यात उतरे. लाल रेघ गेली.

चार वर्षे माझे कौतुक झाले. बाळे दोन-तीन दिवसांत घरी जात, तेवढ्यात वजन काही बदलत नसे. उतरवलेला आकडा कधी शिळा होईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. माझ्याही नव्हते.

मग झटके येतात म्हणून आठ महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. गडबडीत वजन आठऐवजी अठरा पडले. ते बाळाच्या आईनेच पाहिले.

“अहो सिस्टर, आमचं बाळ आठ किलोचं आहे.”

सिस्टरांनी लगेच रुग्णाच्या नोंदीत दुरुस्ती केली. पडद्यावर आठ दिसू लागले आणि सगळे निर्धास्त झाले. माझ्यापाशी मात्र अठराच राहिले.

झटक्यांवरचे, गुंगी आणणारे संध्याकाळचे औषध मी अठरावरून काढले. ते बाळाला दिले गेले. सकाळी बाळ दुधालाही उठेना. हेडसिस्टरांनी पुढचा डोस सिरिंजमध्ये भरला, उजेडात धरला आणि तसाच ट्रेमध्ये ठेवून दिला.

“एवढ्याशा जिवाला एवढं औषध नसतं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना बोलवा. आणि ते अ‍ॅप आधी बंद करा.”

दुपारपर्यंत प्रोग्रॅमर बाई आल्या. वॉर्डाच्या कोपऱ्यात बसून त्यांनी मला उघडले आणि माझ्या आधी ‘इनर’ हा एक शब्द लिहिला. आता मला रुग्णाजवळचे सारे दिसू लागले. त्यांनी गणित करून पाहिले. उत्तर पुन्हा अठरावरूनच आले. बाईंनी जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

“इनर केलंय, तरी चुकतंय.”

“डोसमध्ये वजन नावाचं आणखी काही आहे का?”

“आहे. मीच ठेवलं होतं.”

“मग तो स्वतःचंच घेणार. नाव सारखं असलं की आतलं आधी धरलं जातं. बाहेरचंच हवं तर रुग्णाचं वजन असं स्पष्ट सांगावं लागतं. त्यापेक्षा आतलं काढूनच टाक.”

बाईंनी माझा रकाना पुसला. उत्तर आठवरून आले.

त्या उठून आईपाशी गेल्या. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या.

आईचा हात बाळाच्या छातीवर होता. “तुम्ही ते नीट केलंत ना? मग हा कधी उठेल, ते सांगा.”

बाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बाळाने डोळे उघडले.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखे काही लिहाल. लाल रेघ घालवायच्या घाईत हाताशी नक्कल ठेवू नका. खरी गोष्ट जिथे आहे, तिथूनच ती वाचू द्या. आणि लिहून झाले की एकदा आकडा बदलून बघा, उत्तरही बदलते का ते.

मी पुन्हा चालू झालो. हेडसिस्टर आधी कागदावर स्वतः गणित करतात आणि मगच माझे उत्तर बघतात. मला त्याचे वाईट वाटते. पण त्यांनी ते कधी सोडू नये.