मृणालच्या गोधडीचं अस्तर

निहारचा टोरांटोहून दर रविवारी सकाळी फोन यायचा. त्या रविवारी मात्र त्यानं मृणालला न बोलावता वहिनीशीच बोलायचंय असं सांगितलं.

"आम्ही दोघं डिसेंबरात येतोय," तो म्हणाला. "मृणालचे कागद झाले. या वेळी तिला घेऊनच जाऊ."

"बरं झालं," विनया म्हणाली. किती तारखेला, ते विचारून तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलं आणि गॅसवरचं दूध उतरवलं.

मृणाल तिच्या धाकट्या दिराची, निहारची मुलगी. अकरा महिन्यांची असताना तिची आई, गिरिजा, चार दिवसांच्या तापात गेली. निहारची कॅनडातली नोकरी तेव्हा ठरलेली होती. सहा महिने सांभाळा, तिकडे बस्तान बसलं की नेतो, असं म्हणून त्यानं मुलीला मयूर विहारच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून सोडलं. त्याला पाच वर्षं झाली. विनया आणि सुधाकर यांना मूल नव्हतं. मृणाल बोलायला लागली तेव्हा विनयाला आई म्हणू लागली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. मागच्या वर्षी निहारनं तिकडेच नोकरी करणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या अक्षताशी लग्न केलं होतं.

पुढच्या रविवारी तो थोडा अडखळत बोलला. "वहिनी, एक सांगू का? तिनं अक्षताला आई म्हणावं असं आम्हाला वाटतं. आत्तापासून जरा सवय केलीत तर..."

"करते," विनया म्हणाली.

संध्याकाळी वेणी घालताना तिनं मृणालला सांगितलं, "आता मला काकू म्हणायचं."

"क्यों?" शाळेतल्या सवयीनं मृणालनं हिंदीत विचारलं.

"कारण मी तुझी काकू आहे."

"पहले नहीं थी?"

"होते. तेव्हाही होते."

मृणालनं थोडा विचार केला. मग खेळ असल्यासारखं म्हणून पाहिलं, "काकू, पानी." विनयानं पाणी दिलं. दोन-तीन दिवस ती विसरायची, आणि विनया दर वेळी न रागावता दुरुस्त करायची. आठवड्याभरात तिला जमलं. आपल्याला काही होईल म्हणून विनया वाट पाहत होती, पण काहीच झालं नाही. ती डबा भरत होती, स्कूलबसपर्यंत सोडायला जात होती, सगळं वेळेवर चाललं होतं.

मृणालला एक गोधडी लागायची. विनयानं ती आपल्या जुन्या सुती साड्यांची, हातानं धावदोरा घालून शिवली होती. तिच्याशिवाय मुलगी झोपत नसे. ती बरोबर द्यायची तर खालची बाजू पार विरली होती, आणि तिकडे बर्फ. तेव्हा खालून फ्लीसचं मऊ, उबदार कापड लावायचं ठरवून विनया जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात गेली. तिथे गल्लीभर एक्सपोर्टचं उरलेलं कापड किलोवर विकतात. दुकानदारानं ढिगातून एक निळा तुकडा ओढून काढला. "पोलर है मॅडम, विलायत का माल. जितना धोओगे उतना नरम." तिनं हात फिरवून पाहिला. मऊ होता. तिनं घेतला.

घरी मशीनवर ते काही केल्या ऐकेना. सुती कापड जागच्या जागी राहायचं आणि फ्लीस ताणलं जाऊन पुढे सरकायचं. एका कडेला पोचेपर्यंत बोटभर सुरकुती जमायची. तिनं दोनदा उसवलं. मग सगळं जमिनीवर पसरलं, फ्लीसची मऊ बाजू खाली ठेवली, त्यावर गोधडी ठेवली आणि मधून कडेकडे जात हातानं कच्चे टाके घातले. दुपारी घरी कुणी नसायचं. ती गुडघ्यांवर बसून टाके घालत राही आणि शाळेची बस यायच्या वेळेला उठे.

सुधाकर नोएडाच्या ऑफिसातून आला की चार्टर्ड बसमधल्या गोष्टी सांगायचा. गोधडीकडे बघायचा, पण काही विचारायचा नाही. एकदाच म्हणाला, "तिकडे असल्या गोष्टी सगळ्या मिळत असतील."

"मिळत असतील," ती म्हणाली.

निहार आणि अक्षता आले तेव्हा चारी कडा शिवायच्या बाकी होत्या. अक्षता बारीक चणीची होती, सारखी काही मदत करू का विचारायची. मृणालसाठी तिनं एक गुलाबी जॅकेट आणलं होतं. मृणालनं ते घातलं, आरशात पाहिलं आणि निहारच्या मागे लपली. "आई म्हण," निहार म्हणाला. मृणालनं विनयाकडे पाहिलं. विनयानं मान डोलावली. मग मृणाल म्हणाली.

चौथ्या दिवशी निहार मुलीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला आणि दोघी जावा घरी राहिल्या. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून विनयानं ते चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवलं होतं. तेच वर दुमडून किनार करायची होती.

"वहिनी, मी दुमड बसवून देऊ?" अक्षतानं विचारलं.

"दे."

विनया पोळ्या करायला स्वयंपाकघरात गेली. पाचेक मिनिटांत जळका, प्लॅस्टिकसारखा वास आला. ती बाहेर आली तेव्हा अक्षता इस्त्री हातात घेऊन उभी होती. गोधडीच्या एका कोपऱ्याजवळ फ्लीस वितळून इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा चकचकीत, कडक डाग झाला होता.

"मला वाटलं कॉटनसारखीच इस्त्री चालेल," अक्षता म्हणाली. "वहिनी, मी काय केलं हे."

विनयानं डागावर बोट फिरवलं. इतके दिवस खपून केलेल्या कामाचं वाईट वाटेल म्हणून ती थांबली. वाटलं नाही. आपण कुणा दुसरीच्या घरी उभे आहोत आणि तिचं काहीतरी जळलंय, असं वाटलं.

"इस्त्री बंद कर आधी," ती म्हणाली. "वरून तुकडा लावू."

"तुम्ही रागवा तरी."

"कशाला?"

अक्षता खाली बसली आणि रडायला लागली. ती गोधडीसाठी रडत नव्हती. "ती माझ्याकडे येतच नाही," ती म्हणाली. "मी हात पुढे केला की तुमच्याकडे बघते. तिकडे तुम्ही नसाल. मग ती कुणाकडे बघेल?"

विनयानं मृणालच्या लहान झालेल्या फ्रॉकचा एक चौकोन कापला आणि अक्षताला शेजारी बसवून डागावर लावला. एक बाजू तिनं शिवली, तीन अक्षतानं. अक्षताचे टाके मोठे आणि वाकडे पडले. विनयानं ते तसेच राहू दिले. शिवता शिवता तिनं सांगितलं, की मृणालला झोपताना पाय उघडे लागतात, औषध आधी साखर चाटवल्याशिवाय पोटात टिकत नाही, आणि ती रुसली की बोलायला जायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. अक्षतानं मध्येच उठून वही आणली आणि सगळं लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी दुपारी ते निघाले. आधी पुण्याला मृणालच्या आजीकडे, तिथून टोरांटोला. गोधडी बॅगेत मावली नाही, म्हणून निहारनं ती दोरीनं बांधून हातात घेतली. मृणाल टॅक्सीत खिडकीशी बसली, तिला विमानाची घाई झाली होती. गाडी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडली. सुधाकर बराच वेळ हात हलवत राहिला. विनया वर आली आणि तिनं पलंगपोस बदलले. त्या रात्री ती गाढ झोपली, आणि सकाळी त्याचीच तिला लाज वाटली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रविवारी फोन यायचे. मृणाल शाळेबद्दल सांगायची, निम्मं इंग्रजीत. घरात हीटर असतो, इतकी गरम गोधडी नको होते, म्हणून ती अंथरून त्यावर बसून टीव्ही बघते, असंही तिनं एकदा सांगितलं. "बरं करतेस," विनया म्हणाली.

मार्चमध्ये, रविवार नसताना, संध्याकाळी फोन वाजला. अक्षता होती. मृणालला दोन दिवस ताप होता, निहार दुसऱ्या गावी गेला होता.

"डॉक्टरांकडे नेऊन आणलं, वहिनी. घाबरण्यासारखं नाही म्हणाले. पण रात्रभर ती तुम्हाला हाक मारत होती. आत्ता माझ्या मांडीवर झोपलीये. मी काय करू?"

"पाय उघडे आहेत का?"

"आहेत."

"मग काही करू नकोस. हलू नकोस, बस तशीच."

फोन ठेवून विनया तिथेच खुर्चीवर बसून राहिली. अंधार पडला तरी तिनं दिवा लावला नाही. सुधाकर आला, त्यानं दिवा लावला, ओट्याकडे पाहिलं. कुकर लावलेला नव्हता.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. मग म्हणाली, "मला पाठवायचं नव्हतं मृणालला. मी एकदाही बोलले नाही."

सुधाकर बूट न काढता तिच्यासमोर स्टुलावर बसला. "मीही नाही बोललो," तो म्हणाला.

विनया रडायला लागली. खूप वेळ रडली. सुधाकरनं तिला थांबवलं नाही. मग त्यानं उठून खिचडी टाकली. ती फार पातळ झाली. दोघांनी वाटीत घेऊन प्यायल्यासारखी खाल्ली.