दाराआडचा वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पाय, पायांत रबरी बूट आणि वर धरायला दोन मुठी, एवढाच माझा पसारा. कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं, तेव्हा एका कारागिराने आपला सगळा भार माझ्यावर टाकून पाहिला. "हा दगा नाही द्यायचा," तो म्हणाला. मला फार अभिमान वाटला होता.

दुकानातून मला एका लेकीने घरी आणलं. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आजींचा जन्म टपाल कचेरीत शिक्के मारण्यात गेलेला. त्यांच्या पकडीत अजून जोर होता. लेक समोर उलटी चालत सांगायची, "आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला." आजी म्हणायच्या, "तुला चालायला मी शिकवलं, आणि आता तू माझी मास्तरीण!" दोघी हसायच्या. आजी मला 'घोडा' म्हणत. हळूहळू आम्ही खिडकीपर्यंत जाऊ लागलो. तिथे उभ्या राहून आजी रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांना मनसोक्त नावं ठेवत.

लेकीची रजा संपली. परगावच्या भावाने फोनवरून भरपूर सल्ले दिले आणि फोन ठेवला. शेवटी दिवसभरासाठी एक मावशी ठेवली. मावशी गोड बोलायची, आजींची वेणी घालायची, हाताने भरवायची. आजींचा तिच्यावर जीव जडला. कित्येक दिवसांनी लेक आरशासमोर जरा थांबली. निघताना तिने एवढंच बजावलं, "मावशी, काहीही झालं तरी आई पडता कामा नये."

एका सकाळी न्हाणीघराच्या दाराशी आजींचा तोल गेला. पडल्या नाहीत, मी होतो. पण मावशीचा चेहरा पांढराफटक झाला. दुसऱ्या दिवशी लेकीची पाठ वळताच तिने मला उचललं आणि बाल्कनीच्या दाराआड नेऊन ठेवलं. आतून आजींची हाक आली, "अगं, माझा घोडा कुठंय?"

"बसा हो आजी, आणते," मावशी म्हणाली. आणलं नाही. संध्याकाळी लेक यायच्या बेताला मात्र मी पुन्हा पलंगाशी. मग रोज हेच. माझ्या मुठींवर ओले टॉवेल वाळू लागले.

"आज चालली का आई?" लेक विचारायची.

"चालल्या की! खिडकीपर्यंत जाऊन आल्या."

"खोटं आहे गं," आजी एकदा म्हणाल्या. "ही मला उठूच देत नाही. वॉकर लपवते."

मावशीने आजींच्या मागून हळूच स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "विसरतात हल्ली."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तर पलंगाशीच उभा! "आई, तो बघ, इथेच तर आहे," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तसं. मला तोंड असतं तर!

आजींनी आणखी एकदोनदा सांगून पाहिलं. मग नाद सोडला. पायांच्या काटक्या झाल्या. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी नाराजी दाखवली, तेव्हा लेक वैतागली, "तू मनावरच घेत नाहीस, आई!" आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या.

एक दिवस वीज गेली म्हणून ऑफिस लवकर सुटलं. लेक भरदुपारी घरी आली. पलंगाशी मी दिसलो नाही. शोधत ती बाल्कनीत आली आणि टॉवेलांखाली मला पाहून जागच्या जागी थिजली.

"मावशी, हे काय?"

मावशीला रडू फुटलं. "ताई, त्या पडल्या असत्या तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. तुम्हीच बजावलं होतंत ना?"

लेकीने माझ्यावरचे टॉवेल ओढून काढले. त्याच दिवशी मावशी काम सोडून गेली.

लेकीने मला आजींसमोर आणलं. आजींनी मुठी धरल्या, ओठ घट्ट मिटले, जोर केला. पाय उचललेच नाहीत. पुन्हा जोर केला. मग त्या मटकन पलंगावर बसल्या.

लेक रडत म्हणाली, "आई, तू मला ठासून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," आजी म्हणाल्या. "तू वॉकरकडे बघितलंस."

आता दुसरी बाई येते. भली आहे. लेक रोज आजींना उभं करू पाहते. आजी नाही म्हणत नाहीत, पण लेकीशी पूर्वीसारखं बोलतही नाहीत.

मित्रांनो, मला लपवलं, ते मी विसरेन. पण मला पलंगाशी उभं करून एका खऱ्या माणसाला खोटं पाडलं, ते अजून सलतं. म्हणून विनवतो. घरातलं म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर इकडेतिकडे पाहू नका. त्याच्या तोंडाकडे पाहा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत ऐका.