कात्रीत गेलेलं उत्तर

मित्रांनो, वसुमतीचं पत्र माझ्या शेजारच्या फळीवर तीन आठवडे पडून होतं. तिचे वडील नागनाथअण्णा ते रोज उघडत, वाचत आणि घडी घालून ठेवत. उत्तर मात्र लिहीत नव्हते.

मी मल्लेश्वरममधल्या एका थिएटरचा जुना प्रोजेक्टर. मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. जन्मभर दुसऱ्यांच्याच गोष्टी दाखवल्या. परदेशी कारखान्यात घडलो, बोटीनं आलो आणि १९५१ साली या केबिनमध्ये बसलो. नागनाथअण्णा माझे ऑपरेटर; मऊ फडक्यानं माझी भिंगं पुसत. लोक वाहवा करत ती नटांची. माझ्याकडे त्यांची पाठ असे. माझ्यातून शेकडो नायिका गेल्या. साड्या त्या निवडत, नवरा दुसरंच कुणी निवडे. ते उजळ करून दाखवलं मीच.

वसुमती म्हैसूरला नर्सचं शिकत होती. तिनं लिहिलं होतं, 'अण्णा, स्थळ ठरवण्याआधी मला विचाराल का? मला शिक्षण पुरं करायचं आहे.' आणि गुरुवारी तर सुपारी फुटणार होती.

त्याच आठवड्यात एक कौटुंबिक चित्रपट लागला. त्यात वडील विचारतात, 'स्थळ पसंत आहे ना?' मुलगी म्हणते, 'नाही.' तरी पुढे लग्न लागतंच. मालक म्हणाले, "पोरीच्या तोंडी नकार बरा दिसत नाही. काढा तेवढा."

अण्णांनी कात्री चालवली. मी निमूट दाखवलं. प्रश्न झाला की लगेच गळ्यात हार.

दुपारचा खेळ सुटल्यावर बायकांच्या दारावर तिकिटं फाडणारी कृष्णाबाई वर आली.

"अण्णा, पोरीला विचारलं. मग तिचं उत्तर कुठं गेलं?"

"कात्रीत."

"सरी, बरं. बाकावरच्या बायका हसल्या की. म्हणाल्या, आमचं पण असंच झालं."

"मालकांनी सांगितलं, बाई."

"आणि गुरुवारी वसूचं? तिथं मालक कोण?"

अण्णा उठले. मग डब्यातून तो तुकडा काढून त्यांनी पुन्हा जागेवर जोडला. संध्याकाळच्या खेळात ती मुलगी स्वच्छ 'नाही' म्हणाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी उठूनही गेलं नाही.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. कधी धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण त्याहून एक मागतो. मुलीला प्रश्न विचाराल, तेव्हा तिच्या उत्तराला जागा ठेवा.

त्या संध्याकाळी मध्यंतरात अण्णांनी दोन पत्रं लिहिली. मुलाकडच्यांना कळवलं, येऊ नका. दुसऱ्यात लिहिलं, 'वसू, तू शीक. विचारायला उशीर केला, माफ कर.' मग मागच्या जिन्यानं उतरून त्यांनी रस्ता ओलांडला आणि दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली.