एका लाकडी पोडियमची वाट पाहणं

मी एक जुना लाकडी पोडियम आहे, मित्रांनो. भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो, कागद ठेवतो आणि घाबरला की ज्याच्या कडा घट्ट धरतो, तो मी. भिलाईतल्या एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागामागे सामानाची एक खोली आहे. मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या यांच्यामध्ये सध्या माझा मुक्काम असतो.

माझा जन्म वैशाली नगरातल्या एका अंगणात झाला. जानराव नावाचा सुतार मला घडवत होता. तो मूळचा भंडाऱ्याकडचा, पण पोलाद कारखान्यात त्याची हयात गेली. लोखंड ओतण्याआधी त्याच्या आकाराचा लाकडी नमुना करावा लागतो, ते त्याचं काम. बाहेरून यंत्रं ज्या पेट्यांतून येत, त्या पेट्यांच्या फळ्या त्याने भंगारातून निवडून आणल्या होत्या. त्याची मुलगी स्नेहल एम.ए.ला होती आणि तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं.

"बाबा, आमी कॉन्फरन्स करून राहिलो. पोरंच पेपर वाचतीन, पोरंच प्रश्न विचारतीन. सर लोक खाली बसून ऐकतीन."

जानरावचा रंधा थांबला. "सर लोक कायले आयकतीन?"

"म्हणूनच त पोडियम पाहिजे, बाबा!"

तो खूप हसला. मग माझ्या कडा त्याने दोनदा जास्त घासल्या, लेकीच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून.

पहिली परिषद एका वर्गात झाली. चहावाला धरून एकतीस माणसं होती. स्नेहलचा पेपर भिलाईला लागून असलेल्या कुरुद गावावर होता. तिथल्या भाजीच्या वाड्यांवर प्लॉट पडले, घरं उठली. मग त्या वाड्यांत भाजी पिकवून विकणाऱ्या बाया गेल्या कुठे, हा तिचा प्रश्न. वाचताना तिने माझ्या कडा अशा आवळल्या की माझा एक खिळा किरकिरू लागला. एका सरांनी विचारलं, "ही माहिती कुठल्या अहवालातली?"

"अहवालातली नाही, सर. सत्तावीस घरी जाऊन विचारलं."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या वर्षी तिने कमालच केली. त्या सत्तावीस बायांपैकी अंजनाबाईंना तिने परिषदेला आणलं. हे कसलं अर्थशास्त्र, अशी कुजबुज झाली. अंजनाबाई बिचकत माझ्यापाशी आल्या. पदर सावरून म्हणाल्या, "पोरीनं लिवलं ते खरं हाय. पन एक गोष्ट रायली. भाजी विकत होती, तवा भाव मी सांगत होती. आता लोकायचे भांडे घासाले जातो, त भाव ते सांगतेत."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. मित्रांनो, नंतरच्या वर्षांत माझ्यामागे उभे राहून मोठमोठे लोक बोलून गेले, पण त्या वर्गात ऐकलेलं ते बोलणं मी विसरलो नाही. ते चष्मेवाले सर वहीत काहीतरी लिहीत होते.

मग परिषद वाढली. तिसऱ्या वर्षी रायपूर-बिलासपूरची मुलं आली, चौथ्या वर्षी नागपूरची. वर्गाऐवजी हॉल, हॉलऐवजी मोठं सभागृह. मुलांनी एकसारखे टी-शर्ट शिवून घेतले, पेपर निवडायला समिती नेमली. दरवर्षी परिषदेच्या आधी जानराव यायचा. माझे स्क्रू आवळायचा, फडक्याने अळशीचं तेल लावायचा आणि शिफ्ट गाठायला सायकलवर टांग मारायचा. स्नेहल पुढे शिकायला दिल्लीला गेली. दोन वर्षं ती परिषदेला आली, मग तिचे शुभेच्छांचे निरोप तेवढे वाचून दाखवले जाऊ लागले. जानराव सेवानिवृत्त होऊन गावी परतला. तेव्हापासून माझं लाकूड तेलावाचून कोरडं पडत गेलं.

सातव्या वर्षी चारशे लोक यायचे होते. देवेंद्र नावाचा मुलगा अध्यक्ष होता. स्वभावाने चांगला, कामाला वाघ. माझ्याभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "यार, ये फोटो में पुराना लगता है. दो दिन के लिए पीछे रख दो." स्टेजवर काचेचा नवा पोडियम आला, त्याच्या पोटात दिवे लागत होते.

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. दर जानेवारीत परिषद भरली की भिंतीपलीकडच्या सभागृहातून टाळ्या ऐकू येतात. परिषद मोठी झाली याचा मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? पण टाळ्या वाजल्या की हातांची आठवण येते. घामेजलेले, गार पडलेले, कडा आवळून धरणारे हात.

या जानेवारीत, भर दुपारी, खोलीचं दार उघडलं. दुर्गच्या मोहन नगरातली कीर्ती नावाची मुलगी आत आली आणि मोडक्या खुर्चीवर बसून रडू लागली. तिचे वडील ठेकेदाराकडे मजूर. अशा मजुरांची मुलं मधेच शाळा का सोडतात, यावर तिचा पेपर होता. तिने आईला फोन लावला.

"आई, मले नाही जमत. सब लोग इंग्लिश में बोल रहे हैं."

पलीकडून आईचा आवाज आला, "काल मले सांगितलं, तसंच सांग. मले समजलं, त त्यायले समजन नाही का?"

कीर्तीने नाक पुसलं. इकडेतिकडे पाहताना तिला मी दिसलो. ओढणीने तिने माझ्यावरची धूळ झटकली, कागद ठेवले आणि कितीतरी वर्षांनी माझ्या कडांवर दोन हात आले! पहिल्या वेळी ती दुसऱ्या पानावर अडखळून थांबली. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत पोचली. तिसऱ्या वेळी तिने कागद उलटे ठेवले आणि समोरच्या मोडक्या खुर्च्यांकडे पाहत, आईशी बोलावं तशी बोलली.

लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं गेलं. कागद उचलून ती पळाली. मी कान देऊन होतो. भिंतीपलीकडून तिचं पहिलं वाक्य आलं, ठणठणीत, न अडखळता. आणि तेवढ्यात वीज गेली. खोलीमागचा जनरेटर धडधडू लागला आणि पुढचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या की नाही, कुणी तिला टोकलं का, मला ठाऊक नाही. परिषद संपली, फलक उतरले, दाराला पुन्हा कडी लागली. कीर्ती काही परत आली नाही, मी अजून वाट पाहतो आहे.

मित्रांनो, मला स्टेजवर न्या, असं माझं मागणं नाही. काचेचा पोडियम खुशाल तिथे शोभू दे. पण तुमच्याही आयुष्यात कुणीतरी असतं, ज्याच्यासमोर तुम्ही पहिल्यांदा, चुकत-माकत बोलता. आई असेल, एखादे गुरुजी असतील, नाहीतर शेजारची आजी. तुम्ही पुढे निघून जाता, ते जाणंच बरोबर आहे. फक्त काम झालं की एकदा मागे वळून या आणि कसं झालं ते त्यांना सांगा. चांगलं झालं असेल, तर सांगाच. बिघडलं असेल, तरीही सांगा.