माझ्या पोटातला दुसरीचा गिअरबॉक्स

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. वय वर्षे बावन्न. माझ्या वयाच्या मोटारी आपली हकिगत सांगायला लागल्या की कशा ऐटीत सांगतात! मला तेवढं तोंड राहिलेलं नाही. ऐकून झाल्यावर तुम्ही मला नावं ठेवलीत तरी मी रागावणार नाही.

कारखान्यात आम्ही एका लांबलचक रांगेत तयार झालो. पुढचीला दारं बसली की रांग एक पाऊल सरकायची आणि मागचीची पाळी यायची. सगळ्यांचा रंग राखी, सगळ्यांची आसनं तपकिरी. तिथे कोण कोणाच्या मागे होतं हे कुणी लक्षात ठेवलं नाही. माझा पहिला मालक जमीन मोजणारा होता. त्याची तिपाई, साखळ्या, लाल-पांढऱ्या काठ्या आणि चिखलाने भरलेले बूट असा संसार मी एकोणीस वर्षं वाहिला. शेतातल्या वाटा, खडीचे चढ, काही म्हणून सोडलं नाही. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. लाज वाटली ती लाड सुरू झाल्यावर.

जमीन मोजणारा थकला तेव्हा मला दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. माणूस गाडीवेडा! रविवारी दवाखाना बंद असला की दात खरवडायची जुनी हत्यारं घेऊन ते माझ्या पुढच्या जाळीतला मळ काढत बसायचे. मला 'आ' करायला सांगत नसत एवढंच. त्यांची बायको म्हणायची, "माझा वाढदिवस विचारा, डोकं खाजवतील. हिचं तेल कधी बदललं ते मात्र तोंडपाठ!" मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

मग सरकारने ती योजना आणली. धूर कमी व्हावा म्हणून जुनी गाडी भंगारात द्या, दाखला घ्या आणि तो दाखवून नव्या गाडीवर भरघोस सूट मिळवा. आमच्या गावात जुन्या गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या मैदानावर आम्हाला ओळीने उभं करून ही मंडळी गप्पा मारायची. त्या रविवारी गप्पा कसल्या, नुसता गलबला झाला. औषधांचे दुकानदार म्हणाले, "आमच्या गाड्या महिन्यातून एकदा बाहेर पडतात. त्यांचा धूर तो किती?" एक वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला द्यायची त्याला देऊ दे, पण उद्या सक्ती झाली तर निगा राखलेल्या गाड्या वगळायला सांगूया." एक जण हळूच म्हणाला, "सवलत वाईट नाही हो, माझ्या घरचे मागे लागलेत." त्याच्यावर सगळे तुटून पडले.

शेवटी डॉक्टर उठले. "गाडी म्हणजे काय किडका दात आहे, दिसला की उपटला? अहो, आधी भरून पाहा, खोलवर साफ करा, टोपी बसवा. उपटणं सगळ्यात शेवटी! मी जिवंत असेपर्यंत कुणाला चालती गाडी भंगारात घालू देणार नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मीसुद्धा मनातल्या मनात हॉर्न वाजवला.

त्या टाळ्यांमध्ये एका बाईंच्याही टाळ्या होत्या. त्या पडदे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना पडदेताई म्हणत. वडिलांनी ठेवलेली गाडी त्या रोज कामाला वापरायच्या. मागच्या आसनावर कापडाचे गठ्ठे, टपावर पडद्यांच्या दांड्या. ती गाडी म्हणजे दुसरी मीच. तेच वर्ष, तोच राखी रंग. फक्त माझ्यासारखी चकाकत नव्हती, कारण ती पोटापाण्याला लागलेली होती.

पुढच्या रविवारी पडदेताई गाडी घेऊन डॉक्टरांच्या अंगणात आल्या. "डॉक्टर, मला गाडीतलं काही कळत नाही. योजनेचे तीनच महिने उरलेत. नवी घ्यावी की हीच ठेवावी, तुम्ही सांगाल ते करीन."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना जीभ अडखळते. माझा दुसरा गिअर त्या दिवसांत पार गेला होता. टाकला की सुटायचा. नवा गिअरबॉक्स कुठे बनत नाही, आणि दोन महिन्यांवर गाड्यांची मोठी स्पर्धा आली होती. डॉक्टर ताईंच्या गाडीत बसले, अंगणात एक चक्कर मारली. दुसरा गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला, मित्रांनो. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तसा तो चेहरा होता.

मग ते माझी दुरुस्ती करणाऱ्या बुटक्या मिस्त्रींबरोबर दिवा घेऊन गाडीखाली शिरले. मिस्त्री पुटपुटले, "तळहाताएवढा गंज आहे. पत्र्याचा एक तुकडा जोडला की दहा वर्षं बघायला नको."

डॉक्टर बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, गेल्या रविवारी मी काय बोललो ते ऐकलंत ना? तो मी सांगतोय म्हणजे बघा. खालचा सांगाडा गंजाने खाल्लाय. एखाद्या खड्ड्यात मधोमध दुमडेल."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, मुलीला रोज शाळेत सोडते मी हिच्यातून!"

"म्हणूनच सांगतोय."

मिस्त्री मूग गिळून बसले. त्यांचं निम्मं काम डॉक्टरांच्या ओळखीवर चालायचं. आणि मी? मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण मला वाईट वाटायला कुणी अडवलं होतं? मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. डॉक्टरांचे दोन्ही दात त्या दिवशी माझ्यासमोर होते आणि घास मला मिळणार होता.

पडदेताईंनी तिथेच आपली गाडी रिकामी केली. आसनांच्या फटींतून टाचण्या वेचल्या, एक कात्री निघाली, मुलीचा एक मोजा निघाला. "बाबा असते तर त्यांनी ऐकलं नसतं," असं म्हणून त्यांनी टपावर दोनदा थोपटलं. भंगारवाल्याकडे नियमाप्रमाणे तिचं इंजिन फोडलं गेलं. बाकीचे भाग विकायला परवानगी असते. डॉक्टरांनी गिअरबॉक्ससाठी आदल्या दिवशीच शब्द टाकून ठेवला होता. आठवड्याभरात तो माझ्या पोटात आला.

स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. गळ्यात हार, फोटो, सगळं झालं. तेवढ्यात गर्दीतून पडदेताई पुढे आल्या. हातात मोठं गाठोडं. उघडलं तर आत जाड कापडाचं आच्छादन, कडेने दुहेरी शिवण, आरशांसाठी दोन कप्पे. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्यामुळे माझी मुलगी सुखरूप आहे. दुसरं काय देणार? माप घ्यावंच लागलं नाही. माझ्याच गाडीचं माप."

डॉक्टरांनी नजर न उचलता ते हातात घेतलं. मला तर वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी चाकांसकट आत जावं.

घरी आल्यावर त्यांनी ते आच्छादन माझ्यावर घातलं. कुठे ओढावं लागलं नाही, कुठे सैल पडलं नाही. बायकोने विचारलं, "किती चपखल! माप कधी घेतलं तिने?" डॉक्टर पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायकोने आच्छादनाची एक कड हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "अहो, पेशंटला हजारदा विचारता ना, दुखतंय का म्हणून? मग तिलाही जाऊन विचारा. आणि चालत जाऊ नका, हिला घेऊन जा. हिचाही हात आहे त्यात."

खरं बोलली ती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. रविवार असूनही ताईंचं शिवणाचं मशीन चालू होतं. दार उघडं, मी दारातच उभी, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मशीन थांबलं.

"म्हणजे ती चालली असती?" ताईंनी विचारलं.

"चालली असती."

"किती वर्षं?"

"मिस्त्री दहा म्हणाले होते."

ताई ओरडल्या नाहीत. टेबलावरच्या कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली. म्हणाल्या, "बाबांच्या गाडीला मी माझ्या हाताने नेऊन सोडलं, डॉक्टर. रस्ताभर तिची माफी मागत होते. माफी तुम्ही मागायला हवी होती." मग एकदम वर बघून त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंत असं?"

डॉक्टर खाली बघत राहिले. "दोघांना."

मी हादरले, मित्रांनो! माझ्या उजव्या दाराची कडी मागच्या महिन्यात बदलली होती. ती कुठून आली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. नव्या कडीची चमक मला आवडली होती, बस.

"एकाची गेली," डॉक्टर म्हणाले. "दुसरे बँडमास्तर. त्यांची गाडी उद्या सकाळी जायची आहे."

"तिच्यातलं काय हवं होतं तुम्हाला?"

"मागच्या दिव्याची लाल काच."

"काच! एवढ्याशा काचेसाठी अख्खी गाडी?" ताई उठल्याच. "मग इथे काय बसलात? किल्ली द्या इकडे. मी चालवते."

ताईंनी मला चालवलं. चढावर त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि क्षणभर त्यांचा हात दांड्यावर तसाच राहिला. मला मात्र त्यावेळी बंद पडण्याचीसुद्धा सोय नव्हती, पोहोचायचं होतं.

बँडमास्तर म्हातारे, उंच, एकटे राहणारे. घरासमोर बादली घेऊन ते आपली गाडी धूत होते. दुसऱ्या दिवशी भंगारात जाणाऱ्या गाडीला साबण लावत होते! आम्हाला बघून ओशाळून हसले. "तिला असं मळकं कसं पाठवू? शेजारी हसतायत. हसू देत."

डॉक्टर खाली उतरले. बादलीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मास्तर, हिला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो. मला तिची काच हवी होती."

बँडमास्तरांच्या हातातून फडकं गळालं आणि त्यांनी बोनेटवर डोकं टेकलं. रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही. ताईंनी फडकं उचललं आणि उरलेलं दार त्या पुसू लागल्या. थोड्या वेळाने डॉक्टरही वाकले आणि चाकं धुवायला बसले. त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं, आणि 'नको'ही म्हटलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. माझं मागणं जरा वेगळं आहे. तुमची आवडती वस्तू जपताना ती कुणाच्या नुकसानीवर तर जपली जात नाही ना, एवढं विचारून बघा. आणि कुणी विश्वासाने तुम्हाला विचारलं, "माझी ठेवू की टाकू?" तर उत्तर देण्याआधी स्वतःची गरज विसरा. मला पुसायला पुष्कळ हात मिळाले. पण ताईंच्या गाडीला आता कुणीच पुसणार नाही, आणि तिची माफी मागायला मला जागाही उरलेली नाही.